बॉनेटला कुलूप

“सांग आता. कार्बोरेटर का इंजेक्शन?”

आबांनी विचारलं आणि हातातला पाना बाकावर असा आपटला की शेजारचा चहाचा ग्लास आडवा झाला. चहा ओघळत कडेला गेला आणि शौकतचाचांच्या सँडलवर ठिबकायला लागला. चाचांनी पाय मागं घेतला नाही. पाय मागं घेणं म्हणजे माघार घेणं, असे ते दिवस होते.

“संयू, तुझ्या बाला सांग, पोरीच्या अंगावर वरडू नको म्हणावं,” चाचा म्हणाले. “शिकल्याली हाय ती. तिला कळतंय काय बसवायचं ते.”

“संयू, त्याला सांग, मी त्याच्याशी बोलत न्हाई.”

“मग मी तरी कुठं बोलालोय? मी तुझ्याशी बोलालोय.”

दोघं एकमेकांपासून हातभर अंतरावर उभे होते आणि मधे मी. माझ्यामागं, चारही चाकं काढून ठोकळ्यांवर चढवलेली आमची जिप्सी. तिचं बॉनेट उघडं होतं आणि इंजिनावर जिथं काहीतरी असायला हवं तिथं एक पोकळी होती. त्या पोकळीत काय बसवायचं, यावर तीस वर्षांची भागीदारी मोडायला निघाली होती.

याला आता वीसेक वर्षं होऊन गेली. कोल्हापुरात उद्यमनगरात आमचं ‘इंगवले-मुजावर मोटर वर्क्स’ होतं. इंगवले म्हणजे माझे वडील, दत्ताजीराव. मुजावर म्हणजे शौकतचाचा. दोघं आयटीआयला एका बाकावर बसले, एकाच मास्तरचा मार खाल्ला आणि मग एकाच पत्र्याखाली म्हातारे होत गेले. मला गाडी उघडायला आबांनी शिकवलं आणि चालवायला चाचांनी. पुढं मी ऑटोमोबाइलचा डिप्लोमा केला तेव्हा पेढे चाचांनी वाटले, कारण आबा रडत होते.

वाघजाई घाटात दरवर्षी गाड्या चढवण्याची शर्यत व्हायची. एकेक गाडी खालून सोडायची, घड्याळ लावायचं आणि जी सगळ्यात लवकर माथ्यावर पोचेल ती पहिली. आमच्या गॅरेजनं तिथं गाडी उतरवायची, हे दोघांचं जुनं स्वप्न. त्यासाठी एका साखर कारखान्याची मोडकी जिप्सी आणली, तिचं छत कापलं, आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा जोडला, इंजिन उघडून पहिल्यापासून बांधलं. चालवणार मी होते. त्या घाटाच्या शर्यतीत तोवर एकही बाई उतरली नव्हती, त्यामुळं आमच्या गल्लीत माझ्यापेक्षा आईलाच जास्त लोक अडवून विचारायचे, “खरं का ओ?”

सगळं गुण्यागोविंदानं चाललं होतं. आणि मग इंजिनाला पेट्रोल पाजायची वेळ आली.

आबांकडं त्यांचा लाडका कार्बोरेटर होता. स्वतः घासूनपुसून, भोकं हाताच्या अंदाजानं मोठी केलेला. इंजिन स्वतःच्या श्वासानं हवा ओढतं आणि त्या हवेबरोबर कार्बोरेटरातून पेट्रोल आत जातं. कमी-जास्त काय ते कानानं ऐकायचं आणि स्क्रूड्रायव्हरनं फिरवायचं. चाचांनी बेळगावच्या एका भंगारवाल्याकडून नव्या जिप्सीचं इंजेक्शन आणलं होतं. त्यात एक लहानसा कॉम्प्युटर हवा किती, ती किती गरम, सगळं मोजतो आणि पंपाच्या दाबानं नेमकं तेवढंच पेट्रोल फवारतो.

“कार्बोरेटर म्हंजे चुलीवरचा रस्सा,” आबा म्हणायचे. “हाताला अंदाज लागतोय.”

“आन् इंजेक्शन म्हंजे?” मी मुद्दाम विचारायची.

“सलाइन. दवाखान्यातल्यागत. थेंब थेंब.”

चाचा हसायचे नाहीत. “घाटात वर जाईल तशी हवा पातळ हुती. तुझ्या बाच्या कार्बोरेटरला ते कळतंय का? त्यो लग्नातल्या वाढप्यावाणी. पाहुणा जेवालाय का न्हाई, बघायचं न्हाई. आपली पळी वतत सुटायचं.”

“आन् त्याचा कॉम्प्युटर घाटात झोपला म्हंजे? उठवायला कोण येणार? त्याचा मास्तर?”

इथवर गंमत होती. पण एक दिवस गिऱ्हाइकांसमोर चाचा त्या लाडक्या कार्बोरेटरला “भंगार” म्हणाले, आणि आबा म्हणाले, “तुझ्या हातात आता पाना राहिला न्हाई शौक्या. तू वायरमन झालास.”

चाचांनी शांतपणे चुन्याची फक्की आणली आणि शेडच्या मधोमध पांढरी रेघ मारली. दुसऱ्या दिवशी दारात विटा येऊन पडल्या. भिंत घालायला गवंडी शर्यतीनंतरच्या सोमवारी येणार होता. त्याच्या आधी यायला त्याला जमत नव्हतं, एवढीच काय ती देवाची कृपा. रेघ नेमकी जिप्सीच्या पोटाखालून गेली होती. इंजिन आबांच्या हद्दीत, पेट्रोलची टाकी चाचांच्या.

आणि आता दोघं मला विचारत होते. गाडी तू चालवणार, तर तूच ठरव.

मी दोघांकडं पाहिलं. कुणाचंही नाव घेतलं असतं तरी दुसरा तिथल्या तिथं गेला असता. आणि त्या दोघांपैकी एक जरी नसता तरी मला गाडी तर सोडाच, सायकलसुद्धा चालवता आली नसती असं वाटायचं. तेवढ्यात मला एक अवदसा आठवली. माझ्या अवदसा मला नेहमी अशाच, दोन मोठी माणसं अंगावर आल्यावर आठवतात.

“ठरवतो मी,” म्हटलं. आम्हा कोल्हापूरच्या पोरी ‘मी येतो, मी जातो’ असंच बोलतो, त्याला आमचा इलाज नाही. “पण माझ्या अटी हायत.”

“बोल,” दोघं एकदम म्हणाले आणि एकदम बोललो म्हणून दोघांनाही राग आला.

“शर्यतीपर्यंत शेडची किल्ली माझ्याकडं. दोघांनीबी आत पाऊल टाकायचं न्हाई. दोन्ही सामान इथंच राहू दे, मला पाहिजे ते मी एकटी बसवतो. बॉनेटला कुलूप घालतो. घाट चढून वर गेलो की कुलूप काढतो. तवर आत काय हाय, कुणी विचारायचं न्हाई. आन् तवर भिंतीची एक वीट हलवायची न्हाई.”

आबा गालात हसले. त्यांच्या मते प्रश्न सुटला होता. चाचाही गालात हसले, त्यांच्याही मते प्रश्न सुटला होता.

मग मी आईला हाताशी धरून कामाला लागले. आईला पाना आणि पक्कड यातला फरक कळत नव्हता, पण गुपित राखण्यात तिचा हात कुणी धरला नसता. मी काय बसवलं ते तिनं पाहिलं आणि म्हणाली, “मला नाव सांगू नको. नाव कळलं की तोंडातून जातंय.” आत्ता मीही तुम्हाला सांगत नाही. बसवलं, चालू केलं, आवाज ऐकून माझ्याच अंगावर काटा आला, एवढं सांगते. मग बॉनेटला दोन कड्या जोडल्या, साखळी ओवली आणि वर गोदरेजचं कुलूप.

खरी मजा त्यानंतर.

गाडी सरावाला बाहेर काढायची म्हटल्यावर लपवाछपवी सोपी नव्हती. या दोघांचं आयुष्य इंजिनांचे आवाज ओळखण्यात गेलेलं. म्हणून मी दोघांची सोय केली. कार्बोरेटरच्या गाडीला सकाळी चालू करताना ओढायची चोकची खुंटी असते, ती डॅशबोर्डावर तशीच ठेवली. आणि इंजेक्शनच्या गाडीत चावी फिरवली की पंपाचा बारीक ‘झीं’ असा आवाज येतो, तर तोही आवाज येईल असं बघितलं. दोन्हींपैकी एक खोटं होतं, पण कुठलं, ते मला आणि आईलाच ठाऊक.

पहिल्या दिवशी दोघंही रस्त्याच्या दोन बाजूंना, आपण योगायोगानंच इथं उभे आहोत अशा चेहऱ्यानं उभे राहिले. मी चावी फिरवली.

झीं.

चाचांनी डोळे मिटले. नमाजानंतर असतो तसा समाधानी चेहरा.

मग मी ऐटीत चोक ओढला. आबांची मान ताठ झाली. त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

आणि मग दोघांच्याही लक्षात आलं की आपल्याला जे दिसलं ते दुसऱ्यालाही दिसलंय, आणि ऐकू आलं तेही. मी आरशात पाहत पाहत निघून गेले. दोघंही रस्त्यात तसेच, हात अर्धवट वर.

त्यानंतर आबांनी खाणं कमी केलं. जेवताना मधेच थांबायचे आणि म्हणायचे, “झीं कसा वाजला गं?” आई म्हणायची, “वरण घ्या.” एकदा गाडी उभी असताना ते धुराड्यापुढं उकिडवे बसून रुमाल हुंगत होते. मी मागं जाऊन उभी राहिले, तर म्हणाले, “अत्तर लावलंय.” चाचांनी चाचीला आमच्याकडं शिरखुर्म्याचा डबा देऊन पाठवलं. ईद दूर होती. चाची चुलीपाशी बसली, आईशी पोटभर बोलली आणि उठताना म्हणाली, “ह्यांनी विचारायला सांगितलंय, गाडी सकाळी एका झटक्यात लागती का दोन? मला त्यातलं काय कळत न्हाई, तू काय बी सांग.” आई म्हणाली, “दीड.” चाचीनं तेच जाऊन सांगितलं. दीड झटक्याचा अर्थ लावण्यात चाचांचे दोन दिवस गेले.

एके दुपारी, सगळं उद्यमनगर जेवून सुस्तावलेलं असताना, मी विसरलेला हातमोजा घ्यायला शेडवर गेले. दाराला कुलूप होतं, पण मागचा एक पत्रा वर उचकटलेला. आत डोकावले तर जिप्सीच्या खालून चार पाय बाहेर आले होते. दोन कोल्हापुरी चपलांमधले, दोन सँडलमधले. फक्कीच्या रेघेच्या दोन बाजूंना, शिस्तीत.

“टाकीकडं परत जाणारा रिटर्न पाइप हाय की,” चपला कुजबुजल्या. “म्हंजे तुझं इंजेक्शन.”

“रिटर्न कार्बलाबी असतोय जिप्सीच्या. विसरलास व्हय रं?” सँडल म्हणाले. “आन् हळू बोल.”

“तू हळू बोल. बॅटरी हिकडं मार. वर पत्रा ठोकलाय कार्टीनं.”

“तुझीच कार्टी.”

“शिकवली कुणी?”

कित्येक आठवड्यांनंतर ते दोघं पहिल्यांदा एकमेकांशी बोलत होते. मी तिथंच पिंपावर बसले आणि ऐकत राहिले. बरं वाटत होतं. आत काय आहे ते एकट्याला कळणं शक्य नव्हतं, आबांचे कान तरबेज आणि चाचांचं नाक, म्हणून दोघांना एकत्र यावं लागलं होतं. चाचा सांगत होते की धुराला वास जरा गोडसर येतो. आबा सांगत होते की गिअर बदलताना आवाज एक क्षण मागं राहतो. मधेच दोघं खुदकन हसले. कशाला, ते मला कळलं नाही.

“कोण हाय आत?” मी मोठ्यानं विचारलं.

चारी पाय गपकन आत गेले.

“कुणी न्हाई,” आबांचा आवाज आला.

मी हातमोजा घेतला आणि गेले. तिथंच मला कळलं की आता कुलूप शेवटपर्यंत निघता कामा नये. उत्तर मिळालं की यांचं बोलणं संपणार होतं.

शर्यतीच्या दिवशी वाघजाईच्या पायथ्याला जत्रा भरल्यासारखी गर्दी. गाड्या तपासायला पुण्याहून लोहोकरे नावाचे एक निवृत्त साहेब आले होते, डोळ्यांवर जाड चष्मा, तोंडात शब्द कमी. मी त्यांना बाजूला घेऊन सगळी हकिगत सांगितली. त्यांनी ऐकली, अंगातला कोट काढला, बॉनेटवर तंबूसारखा धरला, मी त्याआड कुलूप काढल्यावर आत डोकं घालून तपासणी केली. डोकं बाहेर आलं तेव्हा आबा आणि चाचा दोन बाजूंनी उभेच.

“साहेब, काय बघितलं आत?” आबांनी विचारलं.

“इंजिन,” साहेब म्हणाले आणि पुढच्या गाडीकडं गेले.

घाटात मधोमध एक अवघड वळण आहे, त्याला गायमुख म्हणतात. तिथं रस्ता केसांच्या पिनेसारखा वळतो आणि वळता वळता चढतोही. दोघं तिथं जाऊन थांबले होते, कठड्यावर, शेजारी शेजारी. त्यांच्या मते गाडीच्या पोटात काय आहे ते गायमुखावर लपणार नव्हतं.

माझा नंबर आला. झेंडा पडला आणि मी सुटले.

खालचा टप्पा कसा गेला ते आजही मला अंगानं आठवतं, डोक्यानं नाही. जिप्सी एखाद्या हट्टी म्हशीसारखी मुसंडी मारत होती आणि मला ते आवडत होतं. कठड्यांवरची माणसं रंगांच्या पट्ट्या होऊन मागं जात होती. “बाई हाय, बाई हाय!” असं कुणीतरी ओरडलेलं ऐकू आलं. गायमुखाला मी जरा जास्तच जोरात आत घुसले. मागची चाकं घसरली, गाडी एका कुशीवर कलली, पुन्हा सरळ झाली, इंजिन खोकलं, परत खोकलं आणि बंद पडलं.

एकदम शांतता. मी हँडब्रेक ओढला. गाडी नाक आभाळाकडं करून भर वळणात उभी. स्टार्टर मारला, घर्र घर्र. पुन्हा घर्र घर्र. काही नाही. नियम असा की गाडीला बाहेरच्या कुणी हात लावला तर शर्यतीतून बाद. समोर, चार पावलांवर, कठड्यावर आबा आणि चाचा. दोघांचेही हात पुढं आलेले आणि हवेत थिजलेले.

अशा वेळी काय करायचं ते मला ठाऊक होतं. हजारदा केलं होतं. पण त्या क्षणी मला माझं नाव धड आठवत नव्हतं.

“चावी बंद कर!” आबा ओरडले. “बंद कर, परत फिरव, पंपाला दाब धरू दे! अजून एकदा! ॲक्सिलरेटरला पाय लावू नको, त्याचं त्यो बघून घेतोय!”

“पाय!” त्याच वेळी चाचा ओरडत होते. “पाय तळाला नेऊन ठेव! हलवू नको, दाबून धर! पेट्रोल चढलंय त्याला, हवा पाहिजे! धर आन् मार स्टार्टर!”

मला वाटलं, घाबरून आपले कान बिघडले. दोघांची तोंडं कुणीतरी बदलून टाकली होती. माझा बाप, सलाइन म्हणून हिणवणारा, इंजेक्शनच्या गाडीचं सांगत होता, तेही एखाद्या शोरूमच्या मेकॅनिकसारखं ठाकठीक. आणि चाचा कार्बोरेटरचं. मला हसू फुटलं. हसले आणि हातापायांत जीव आला. मी दोघांपैकी एकाचं ऐकलं. इंजिननं काळा भपकारा सोडला, बार फुटावा तसा आवाज केला आणि चालू झालं. उरलेला घाट मी हसतच चढले.

मागाहून एका भाजीच्या टेम्पोत उभे राहून दोघं माथ्यावर आले. टेम्पो थांबायच्या आधीच उतरले आणि थेट माझ्यापुढं.

“कुणाचं ऐकलंस?” आबांनी विचारलं.

“चाचांचं.”

आबांचा चेहरा उतरला. डोक्यावरची टोपी काढली, झटकली, परत घातली. मग चाचांकडं वळले आणि हात पुढं केला.

“जिंकलास लेका. चांगलं असतंय इंजेक्शन. मीच हेकेखोर.”

चाचांनी हात धरला नाही. ते जमिनीकडं बघत होते.

“दत्ता,” ते हळूच म्हणाले, “मी इंजेक्शनचं कुठं सांगितलं? पाय दाबून धरायचं कार्बला असतंय.”

“म्हंजे?”

“म्हंजे माझं ऐकून गाडी लागली, तर आत कार्ब हाय. तुझा.”

मी खिशातून किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि बॉनेट वर केलं. आत आबांचा कार्बोरेटर, कडेला पेट्रोलचा ओघळ घेऊन, निमूट बसला होता.

“आन् मी काय वरडलो मग?” आबा म्हणाले.

“तू इंजेक्शनचं सांगितलंस. पंपाचा दाब, दोनदा चावी. सगळं बरोबर. तुला कुणी शिकवलं हे?”

आबांनी दरीकडं तोंड केलं. “सांगलीला एक जण हाय.”

“सांगलीला?” मी म्हटलं. महिनाभर ते दाढ दुखते म्हणून सांगलीला जात होते. “म्हंजे दाताचा डॉक्टर—”

“डॉक्टर न्हाई. शोरूममध्ये हाय त्यो.” आबा चिडले. “मला वाटलं, बापाची बाजू घेतली असं कुणी म्हणू नये म्हणून ही पोरगी तुझंच बसवणार. घाटात ते बंद पडलं तर? तू म्हातारा झालास. तू एकटा कुठं कुठं पुरणार?”

चाचांनी शर्टच्या खिशात हात घातला आणि कागदाची एक पुडी काढली. उघडली. आत कार्बोरेटरचं बारीक सामान होतं, पितळी जेट, फ्लोटची सुई, घासून चकचकीत केलेलं.

“मला वाटलं, रक्त ते रक्त,” ते म्हणाले. “बापाचंच बसवणार. ते तुझं भंगार मधेच तुंबलं असतं, तर तू काय करणार हुतास? तुझं सामान कधी जाग्यावर असतंय?”

आबांनी पुडीतली सुई चिमटीत धरली, उन्हाकडं करून पाहिली. डोळे पुसले नाहीत, पण नाक दोनदा ओढलं. चाचा घाटाच्या कुंपणाचा दगड फार बारकाईनं तपासू लागले.

मग आबांच्या डोक्यात उशिरा दिवा लागला. “थांब. आत कार्ब हाय. म्हंजे जिंकलो मी!”

“तू कसा? गाडी चालू कुणी केली?”

“कार्बोरेटर कुणाचा?”

“बंद कुणाचा पडला?”

“बंद पडला तर पडला, वर आला का न्हाई?”

“माझ्यामुळं आला!”

“आन् मी कितवी आलो,” मी मधे म्हटलं, “हे कुणाला विचारायचंय का?”

दोघं थांबले. एकमेकांकडं पाहिलं. शर्यत होती हे ते साफ विसरले होते.

“कितवी?” आबांनी जरा ओशाळून विचारलं.

“शेवटून दुसरी. शेवटची गाडी दरीच्या कठड्यावर अडकलीय.”

“बघ!” चाचा उसळले. “इंजेक्शन असतं तर पहिली आली असती पोरगी! बंदच पडली नसती!”

“बंद पडली नसती, उडाली असती! कॉम्प्युटर कुठला, बेळगावच्या भंगारातला!”

मी कार्बोरेटर का निवडला, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही आणि नंतरही नाही. शेडमध्ये मी आधी इंजेक्शनच बसवलं होतं. इतकं गोड चाललं की चाचांचं बरोबर आहे हे मला तिथंच कळलं. पण ते बिघडलं तर मला कुणाची तरी वाट बघावी लागली असती, आणि घाट मला एकटीनं चढायचा होता. म्हणून सगळं उतरवून कार्बोरेटर चढवला. आणि ज्या वळणावर एकटीनं निभवायचं होतं, तिथं दोघांच्या ओरडण्यावाचून माझं काही चाललं नाही.

सोमवारी गवंडी आला तेव्हा चाचा त्याला म्हणाले, तुला कुणी बोलावलं? आणि आबा म्हणाले, आलाच आहेस तर चहा घे. त्या विटांचं चाचीनं कोंबड्यांचं खुराडं बांधून घेतलं. इतकं भक्कम खुराडं कोल्हापुरात दुसरं नसेल.

पण ते नंतर. त्या दिवशी माथ्यावर दोघं तोंडाला तोंड देऊन उभे होते. आबांच्या हातात सुई, चाचांच्या हातात उघडी पुडी. दोघांचे आवाज चढलेले, भोवती लोक जमलेले, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर मी कित्येक आठवड्यांत पाहिलं नव्हतं असं सुख. टेम्पोवाला कधीच परत गेला होता. घाट उतरायला गाडी म्हणजे आमची जिप्सी तेवढी उरलेली.

मी बॉनेट अलगद बंद केलं. गाडीत बसले. चावी फिरवली. चावीला जोडलेल्या, काच धुण्याच्या पाण्याच्या मोटरचा तो खोटा झीं वाजला, पण त्यांना ऐकू गेलं नाही.

“अगं ए! आम्ही?” वळणावर गेल्यावर आबांची हाक आली.

“या चालत,” मी ओरडले, “बोलत बोलत.”

पायथ्याला मी उसाच्या रसाच्या गाड्यावर बसून वाट पाहत राहिले. ऊन कलायला लागलं तेव्हा ते दिसले. चाचांच्या एका सँडलचा पट्टा तुटला होता, म्हणून ते आबांच्या खांद्यावर हात टाकून लंगडत होते. आबांचा आवाज पार बसला होता, त्यामुळं ते काही सांगायचं झालं की चाचांच्या कानाला तोंड लावत. चाचा ऐकून घेत आणि मग जोरजोरात नकारार्थी मान हलवत.

मी रसवाल्याला म्हटलं, “तीन ग्लास दे. आन् घाई करू नको, त्यांचं अजून संपलेलं न्हाई.”